९० अंशांना उकळणारं पाणी : लेडव्हिलच्या खाणकामगाराचं घर, १:१२ प्रतिकृती (प्रकल्प नोंदी)

१२ जानेवारी २०२५

विषय पक्का. कोलोरॅडोतलं लेडव्हिल, हिवाळा १८७९–८०. खाणकामगार, त्याची बायको, दोन मुलं आणि जेवायला-राहायला असलेले चार मेंबर, असं आठ माणसांचं दोन खोल्यांचं घर. खाण दाखवायची नाही. शाफ्ट, ट्रॉली आणि टोपीवर मेणबत्ती लावलेला बाबा प्रत्येक संग्रहालयात उभा असतो. त्याच्या डब्यात काय होतं आणि ते शिजायला किती वेळ लागला, हे कुठे दिसत नाही.

माहितीफलकावर जायची किमान माहिती: गाव आर्कान्सा नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात, उंची सुमारे ३०९४ मीटर. १८६० मध्ये शेजारच्या कॅलिफोर्निया गल्च या घळीत सोनं सापडलं, ओरो सिटी वसली, काही वर्षांत ओसरली. सोनं धुताना एक जड काळी वाळू सतत आडवी यायची. १८७४ मध्ये वुड आणि स्टीव्हन्स या खाणव्यावसायिकांनी ती तपासून घेतली, तर ती चांदी असलेलं शिशाचं कार्बोनेट निघाली. जानेवारी १८७८ मध्ये गावाला लेडव्हिल हे नाव मिळालं. १८८० च्या जनगणनेत लोकसंख्या १४,८२०.

हाच हिवाळा का? रेल्वे जुलै १८८० मध्ये आली. त्याआधी सगळं सामान गाड्यांवर, घाट चढून. मॉस्किटो घाट तर ४,०१९ मीटरवर. त्यामुळे आम्हाला एक सोपा नियम मिळतो: घरातली प्रत्येक वस्तू एक तर आसपासच्या रानातली, नाही तर जनावरांनी घाटावरून ओढून आणलेली. जिचं उत्तर या दोन्हींत बसत नाही ती वस्तू बाद.

१९ जानेवारी

मापं. प्रत्यक्ष घर १४ × २० फूट, म्हणजे प्रतिकृतीत ३५६ × ५०८ मिमी. स्वयंपाकघर २० पैकी १२ फूट, आतली खोली ८ फूट. भिंत ७ फूट (१७८ मिमी). याहून उंच भिंत घेऊ नये. उंच खोली तापवायला लाकूड जास्त लागतं, आणि ओंडके वर चढवायलाही माणसं जास्त लागतात.

ओंडका ८ इंच व्यासाचा, म्हणजे १७ मिमी. दहा थर, प्रत्येक थरामागे १ मिमी फट धरली की १७९. जमतं.

दार एकच. खिडकी एकच, चार तावदानांची, स्वयंपाकघराच्या दक्षिण भिंतीत. काच गाड्यांवरून आलेली, म्हणजे महाग आणि आकाराने लहान. प्रतिकृतीत सूक्ष्मदर्शकाच्या १८ मिमीच्या कव्हर स्लिप बसवतो. त्या साधारण साडेआठ इंची तावदानाइतक्या होतात आणि जाडीनेही शोभतात. ॲक्रिलिक नको, कडा जाड दिसते.

२६ जानेवारी

ओंडक्यांसाठी बाजारातले गोल रूळ घेतले नाहीत. ते इतके एकसारखे असतात की घर पेन्सिलींचं वाटतं. तिथलं रान लॉजपोल पाइन आणि एंगलमन स्प्रूसचं. त्यासारखी सरळ, हळूहळू निमुळती होणारी काठी हवी. विलोच्या छाटणीतल्या १५ ते १९ मिमीच्या काठ्या, ६८ नग. थर रचताना जाड टोक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नाही तर भिंत एका बाजूला चढत जाते.

कोपऱ्याचा सांधा खोगिरासारखा, खाच ओंडक्याच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला कोरली तर तिच्यात पाणी साचतं आणि कोपरा कुजतो. तीन काठ्या उलट्या कोरल्या गेल्या, बदलल्या.

९ फेब्रुवारी

दोन आठवड्यांत काठ्या सुकल्या आणि फटी १ वरून अडीच मिमीवर गेल्या. खऱ्या घरांचंही हेच व्हायचं. बर्फ पडायच्या आत छप्पर चढवायची घाई, लाकूड ओलं, आणि घराच्या बाईला शेकोटी पेटवल्यावर पहिल्या महिन्यातच भिंतीतून उजेड दिसायचा. म्हणून लिंपण एकदा करून संपत नसे.

आमचं मिश्रण: अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून चाळलेली चिकणमाती ३ भाग, बारीक भुसा १ भाग, पांढरा डिंक १ भाग. एका वेळी ३ मिमीपेक्षा जाड भरलं तर उभे तडे जातात. मोठ्या फटीत आधी काडीची पाचर ठोकायची, मग माती. खरी पद्धतही अशीच, पाचर आधी आणि माती नंतर. नुसती माती थंडीत आकसून गळून पडते.

आतून मलमल. खऱ्या घरांत स्वस्त सुती कापड खिळ्यांनी ताणून त्यावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवत. आम्ही तांदळाची खळ वापरली, बॅटरीवाल्या दिव्याच्या जवळ नाही. तापली की पिवळी पडते.

वर्तमानपत्राची चूक वेळेत सापडली. छापून घेतलेल्या पानावर फोटो होता. वर्तमानपत्रात फोटो छापणं १८८० मध्येही प्रयोगाच्याच पातळीवर होतं. सगळं पान काढलं. आता फक्त रकाने, लाकडी ठशाची चित्रं आणि जाहिराती. लेडव्हिलचं डेली क्रॉनिकल १८७९ मध्येच सुरू झालं होतं, म्हणजे भिंतीवर गावचाच पेपर चालतो.

१६ फेब्रुवारी

चूल, म्हणजे बिडाची शेगडी. पूर्ण घराचं गणित या एका वस्तूवर आहे. ३० × २६ × २८ इंच, प्रतिकृतीत ६४ × ५५ × ५९ मिमी, वर चार झाकणं, मागे पाण्याची टाकी, खाली ओव्हन. जागा: दोन खोल्यांमधल्या आडभिंतीला लागून, कोपऱ्यात नाही. कोपऱ्यात ठेवली तर अर्धी ऊब बाहेरच्या भिंतीत जाते आणि आतल्या खोलीतली मुलं गारठतात.

धुराड्याचा पाईप ६ इंची, अर्ध्या इंचाची (१२.७ मिमी) ॲल्युमिनियमची नळी नेमकी बसते. पहिल्या मांडणीत पाईप छपराच्या वर जेमतेम २० मिमी ठेवला होता, सुबक दिसत होता, पण खोटा. हवा विरळ असली की धुराड्याची ओढ कमी पडते, त्यामुळे तिथे पाईप अधिक उंच लागतो. आता आढ्याच्या वर पूर्ण ५१ मिमी, म्हणजे दोन फूट. छपरातून जातो तिथे चौकोनी पत्रा, लाकूड पाईपपासून सहा इंच दूर. लाकडी गावांत आग लागायची ती बहुतेक इथूनच.

८ मार्च, लेडव्हिल

चाचण्या जागेवर. भाड्याच्या घराचं स्वयंपाकघर, बाहेर उणे ८. पातेल्यातलं पाणी उकळलं तेव्हा थर्मामीटरवर ९०. उंचीच्या हिशेबानेही तेवढंच येतं: हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६९ टक्क्यांच्या आसपास. आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही. फक्त लवकर आटतं. हे एक वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात जाणार.

पिंटो राजमा, ४५० ग्रॅम, रात्रभर भिजवलेला:
नुसत्या पाण्यात ३ तास ४० मिनिटांनी मऊ, काही दाण्यांची सालं तरीही चामड्यासारखी.
पाव टीस्पून खायचा सोडा घालून २ तास ३५ मिनिटं. सोडा अर्धा टीस्पून केला तर दोन तासांत गीर होतो आणि साबणाची चव येते.
टोमॅटो किंवा गूळ-काकवी सुरुवातीला घातली की सगळंच लांबतं. शेवटी घालावं.

आपल्याकडे लगेच प्रश्न येईल: कुकर? १८७९ च्या घरात कुकर नाही. आज तिथे राहणाऱ्यांनी आपला नेहमीचा कुकर लावला तरी आत ११५ च्या आसपासच तापमान जातं, समुद्रसपाटीला तोच १२१ पर्यंत जातो. म्हणून तिथे तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त.

बटाटा: उकडायला वेळ, तळायला किंवा राखेत भाजायला त्यामानाने कमी, तेल आणि राख पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतात. बटाट्याच्या काचऱ्या शेगडीवर ठेवायच्या, उकडलेले बटाटे नाहीत.

९ मार्च, लेडव्हिल

सोडा ब्रेड. कुटुंब आयरिश धरलं आहे, तर भाकरीच्या जागी हाच.

पहिला: मैदा ४५० ग्रॅम, सोडा १ टीस्पून, ताक ३५० मिली. ओव्हनमध्ये दहा मिनिटांत झपाट्याने फुगला, फाटला, मधोमध बसला. आत कोरडा, पिवळसर, किंचित कडू.

दुसरा: सोडा पाऊण टीस्पून, ताक ३९० मिली, पाच मिनिटं जास्त. व्यवस्थित.

कारण साधं आहे. दाब कमी, म्हणून तेवढाच वायू जवळजवळ दीडपट जागा व्यापतो. पीठ घट्ट व्हायच्या आत बुडबुडे फुटतात. आणि हवा कोरडी असल्याने पीठ पाणी जास्त पितं. कोरडेपणा इतका, की कापडाने न झाकलेल्या गोळ्यावर दहा मिनिटांत पापडासारखी साय धरली.

हिवाळ्यात ताक कुठून येणार? गाय ठेवणारी घरं थोडी. म्हणून तिसरा ब्रेड पाण्यात भिजवला आणि आंबटपणासाठी दीड टीस्पून क्रीम ऑफ टार्टर. चवीला सपक, पण फुगला. परातीशेजारी क्रीम ऑफ टार्टरचा डबा ठेवायचा. असल्या डब्याकडे कोणी बघत नाही, पण तोच नसेल तर ब्रेडच होत नाही.

ओला शर्ट अंगणात वाळत घातला. वीस मिनिटांत फळीसारखा ताठ. संध्याकाळी आत आणला तेव्हा जवळजवळ सुका. बर्फ न वितळता सरळ हवेत उडून जातं. घाईने वाकवला तर विणीचे धागे तुटतात, बाही शिवणीत उसवली. वाळत घालताना बाह्या खाली सोडून घालाव्यात.

१६ मार्च

धुण्याचा दिवस, सोमवार. आठ माणसांचे कपडे. त्या काळच्या एका पूर्ण धुण्याला (भिजवणं, उकळणं, खळबळणं) सुमारे १९० लिटर पाणी धरतात. सुरुवातीच्या काळात गावात पाणी पिंपाने विकत घ्यावं लागे, आणि नाही तर दाराबाहेरचं बर्फ.

बर्फाचा हिशेब करून पाहिला आणि तो फलकावर घ्यायचं ठरलं. शून्य अंशाचं बर्फ नुसतं वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी १० अंशांवरून ९० पर्यंत, म्हणजे लेडव्हिलमध्ये उकळीपर्यंत जातं. थोडक्यात, बर्फ वितळवणं म्हणजे पाणी एकदा उगाचच उकळणं. १०० लिटर पाणी बर्फापासून उकळीपर्यंत न्यायला ७१ मेगाज्यूल. शेगडीची बहुतेक ऊब पाईपातून आणि खोलीत जाते, ते धरून वीस-पंचवीस किलो सुकं पाइन. वर बर्फ भुसभुशीत. ताजं असलं तर बादलीभर बर्फाचं तांब्याभर पाणी होतं.

त्यामुळे प्रतिकृतीतला लाकडाचा ढीग दुप्पट केला. आधी दाराशी शोभेपुरता होता, आता पूर्ण उत्तर भिंतीला लागून खिडकीच्या उंचीपर्यंत. थंडीची झुळूकही तो अडवतो.

खाणीतले कपडे घराबाहेर झटकायचे, आत नाही. कार्बोनेट खनिज मऊ असतं, त्याची धूळ कापडात बसते, आणि ते शिसं आहे. शिवाय गावात वितळभट्ट्यांचा धूर. कॅलिफोर्निया गल्चचा परिसर १९८३ मध्ये अमेरिकेच्या प्रदूषित जागांच्या राष्ट्रीय सफाई यादीत गेला तो याच वारशामुळे. दाराबाहेर एक खुंटी आणि तिच्यावर मळका कोट ठेवतो.

२३ मार्च

दोरीवरची पँट तिसऱ्यांदा शिवली. तांब्याच्या रिव्हेटचं पेटंट १८७३ चं, तेव्हा रिव्हेट बरोबर. पण मागचा खिसा एकच (दुसरा १९०१ मध्ये आला), पट्ट्याचे लूप नाहीत (ते १९२२ मध्ये), कमरेला गॅलिसची बटणं आणि मागे आवळायचा पट्टा. १:१२ मध्ये रिव्हेट म्हणजे तांब्याच्या तारेचं अर्ध्या मिलिमीटरचं टोक, चिमट्याने.

बाद झालेल्या वस्तू, कारणासह:
कार्बाइडचा दिवा. १९०० नंतरचा. त्याऐवजी अणकुचीदार लोखंडी मेणबत्तीदाणी, भिंतीत ठोकायची. एका पाळीला तीन मेणबत्त्या. बाईच्या फळीवर त्या नाहीत, खाणीच्या असतात. घरात रॉकेलचा दिवा.
सिअर्सचा (टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचा) कॅटलॉग. कंपनीच नंतरची. माँटगोमेरी वॉर्डचा चालतो, १८७२ पासून आहे.
पेस्टी (मांस-बटाटा भरून भाजलेली मैद्याची घडी). फार मोह होता, कारण तीन कप्प्यांचा डबा, तळाला गरम चहा, मधल्या कप्प्यात चहाच्या वाफेवर कोमट राहणारी पेस्टी, हा आपल्या डब्याचाच सख्खा भाऊ. पण पेस्टी कॉर्निश (इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या) घराची. आमचं घर आयरिश, आणि या दोघांचं खाणीत जमायचं नाही. डबा तोच ठेवला, आत ब्रेड आणि खारवलेलं मांस.
नव्या पद्धतीचे पत्र्याचे डबे. त्या काळच्या डब्याच्या वरच्या झाकणात मध्ये गोल टोपी कथलाने जोडलेली आणि तिच्यात एक छिद्र, शेवटी कथलाच्या थेंबाने बुजवलेलं. १:१२ मध्ये तो थेंब सुईच्या टोकावर चंदेरी रंग घेऊन. टोमॅटो आणि आटीव दूध, दोन्ही असेच.

५ एप्रिल

घरखर्चाचा फलक. यासाठीच सगळा खटाटोप होता.

मजुरी दिवसाला ३ डॉलर, पाळी १० तासांची. महिन्याला २६ दिवस भरले तर ७८ डॉलर. आजारी पडला, खाण बंद राहिली तर कमी. मे १८८० मध्ये ४ डॉलर आणि ८ तासांसाठी संप झाला, गव्हर्नरने लष्करी कायदा पुकारला, संप मोडला, मजुरी तीच राहिली.

खानावळीचा पश्चिमेकडच्या खाणवस्त्यांतला रूढ दर दिवसाला १ डॉलर. चार मेंबर, तीस दिवस, १२० डॉलर. सामानसुमान, लाकूड, पाणी वजा जाता हातात बरंच कमी उरतं, पण घरात येणारा मोठा आकडा बाईच्या हातचा आहे. दोन्ही आकडे एकाच मापाच्या अक्षरांत लावायचे. पहिल्या मसुद्यात तिचं उत्पन्न ‘हातभार’ या शब्दाखाली गेलं होतं, शब्द काढला.

‘बोर्डिंग हाउस’ला मराठीत खानावळ, यावर एकमत. गिरणगावातल्या बायकांनी जे केलं तेच काम आहे, आणि ‘मेंबर’ हा शब्दही तिथलाच.

खरं नाव द्यायचं तर ऑगस्टा टेबरचं. १८६० मध्ये ती कॅलिफोर्निया गल्चला आली तेव्हा मुलगा मॅक्सी अडीच वर्षांचा. तिने ब्रेड भाजून विकला, जेवणं घातली, कपडे धुतले, सोन्याची पूड तोलून दिली. पुढे नवरा होरेस लेडव्हिलचा पहिला महापौर आणि चांदीचा राजा. १८७८ मध्ये दोन प्रॉस्पेक्टरांना (खनिज शोधत फिरणाऱ्यांना) वाट्याच्या बोलीवर शिधा देऊन तो लिटल पिट्सबर्ग खाणीचा एक तृतीयांश मालक झाला. तो शिधा ज्या दुकानातून गेला ते दुकान चालवण्यात तिचे हात होते. त्याच्या नावाचं ऑपेरा हाउस १८७९ चं, अजून उभं आहे.

चार मेंबर दोन पाळ्यांत, म्हणजे पहाटे तीन डबे आणि संध्याकाळी दोन (घरधनी धरून पाच). पलंग दोन, कारण एक पाळी उठली की दुसरी झोपते. थोरल्या मुलाला आतल्या खोलीत जमिनीवर गादी.

१३ एप्रिल

पाळणा. शेगडीपासून चार फूट, दाराच्या झोताबाहेर. धाकटं मूल तीन महिन्यांचं धरून पाळणा नेहमीच्या मापापेक्षा लहान नाही, पण बाहुली लहान केली. उंचीवर गर्भाची वाढ कमी होते: दर हजार मीटरला जन्मवजन साधारण १०० ग्रॅमने घटतं. उंचीचा हा परिणाम १९५० च्या दशकात ज्या बाळांवरून लक्षात आला, ती लेडव्हिल ज्या लेक काउंटीत (जिल्ह्यात) येतं तिथलीच.

न्यूमोनियाने माणसं जात, मुलंही. दवाखाना म्हणजे सेंट व्हिन्सेंट, सिस्टर्स ऑफ चॅरिटीने १८७९ मध्ये सुरू केलेला. एव्हरग्रीन दफनभूमीच्या गरीब कॅथलिक विभागात हजाराहून जास्त निनावी कबरी आहेत, बहुतेक आयरिश. २०२३ मध्ये तिथे स्मारक झालं. फलकावर हे दोन ओळींत, पाळण्याशेजारी नाही, दाराजवळ.

३ मे

जोडणी. छप्पर चिकटवायचं नाही, उचलता यायला हवं. चार कोपऱ्यांत ३ मिमीचे चुंबक. चुंबक बसवताना ध्रुव उलटे लागले, छप्पर एका कोपऱ्यात उडी मारत होतं. जोडीला खूण करूनच डिंक लावावा.

धुराड्याचा पाईप वाहतुकीत वेगळा काढायचा. घट्ट बसवला तर छप्पर उचलताना शेगडीच उपटते. पाईपच्या तळाशी कागदाचा एक वेढा दिला, आता सैल पण हलत नाही.

डेन्व्हरला सभागृहात इलेक्ट्रिक किटली ठेवायची आहे. तिथे उंची कमी, म्हणून पाणी ९५ ला उकळतं. थर्मामीटर किटलीच्या तळाला टेकू द्यायचा नाही, नाही तर आकडा चुकीचा येतो. दोरीने मधोमध लोंबकळत ठेवावा.

राहिलेलं: लाकडाच्या ढिगावर बर्फ (खायचा सोडा आणि डिंक, १:१, जास्त डिंक घातला तर पिवळा पडतो), दाराची कडी, आणि राजम्याच्या भांड्याचं झाकण. ते अजून सापडलेलं नाही.